एका पट्ट्याची बॅग

बोरगाव मेघेच्या माझ्या घरात दाराच्या मागे एक खिळा आहे. त्या खिळ्याला एका वेळी नऊ बॅगा लटकत होत्या, आणि नऊच्या नऊ फुकट मिळालेल्या. मी आरोग्य सेविका आहे. आंजीच्या पुढे एका लहान गावात माझं उपकेंद्र आहे. आम्हाला वर्षातून तीन-चारदा कुठल्या ना कुठल्या प्रशिक्षणाला बोलावतात. दोन दिवस हॉलमध्ये पंख्याखाली बसायचं, पडद्यावरची अक्षरं वाचायची, पातळ वरण-भात खायचा आणि निघताना प्रत्येकीने एक बॅग घ्यायची. बॅगेवर कुणाचा तरी हात जोडलेला हसरा फोटो, आणि खाली त्याच्या चेहऱ्याएवढ्याच मोठ्या अक्षरात त्याचं नाव.

या बॅगांची मला किळस होती. शब्द जपून वापरतेय. नुसता राग असता तर मी बोलून मोकळी झाले असते. दोन महिन्यांत त्यांच्या रेक्झिनला पोपडे सुटायचे. उन्हात घाम आला की ते काळे पापुद्रे मानेला चिकटायचे, ब्लाउजच्या बाहीला चिकटायचे, आणि संध्याकाळी आंघोळ केली की मोरीच्या जाळीवर जमायचे, कुणाची तरी कातडी सोलून टाकल्यासारखे. आतून एक वास यायचा, गोंद आणि घासलेट मिसळल्यासारखा. त्या वासाच्या बॅगेत मी लहान लेकरांची औषधं ठेवत होते.

पण बॅग तर लागायचीच. बीपीची मशीन, साखर तपासायची मशीन, गोळ्या, दोन रजिस्टरं, सरकारी टॅब, पाण्याची बाटली, डबा. आणि मला एकाच पट्ट्याची लागायची. पाठीवरची दोन पट्ट्यांची बॅग माझ्या कामाची नाही. एका घरी मशीन काढायची, ठेवायची, शेजारच्या घरी पुन्हा काढायची. दर वेळी दोन्ही खांदे सोडवून बॅग खाली ठेवायची, आणि खाली म्हणजे कोंबड्या फिरून गेलेल्या अंगणात. बायकांची पर्स स्कूटीवर खांद्यावरून घसरते. छातीवरून आडवा जाणारा एक रुंद पट्टा हवा. उभ्या उभ्या बॅग पोटावर ओढली, काढायचं ते काढलं, पुन्हा मागे ढकलली, असं. त्या नवांपैकी दोन बॅगा तशा होत्या. त्यातली बरी दिसणारी मी वापरायला घेतली होती.

कापूस वेचणीचे दिवस होते. माझ्या उपकेंद्राच्या गावात एक म्हातारी दोन महिन्यांपासून खोकत होती. गोंड घरातली. सुनेशी गोंडीत बोलायची, माझ्याशी वऱ्हाडीत. वेचणीला जायची आणि दुपारनंतर बांधावर बसून राहायची, तेव्हा बरोबरच्या बायकांनी मला सांगितलं. तिचा बेडखा, म्हणजे खोकून काढलेला कफ, तपासायला हवा होता. पण बेडखा मागणं सोपं नसतं. पहिल्या दिवशी ती घरात असून बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी डबी दिली तर तिने त्यात नुसती थुंकी टाकली. मी तिच्याजवळ बसून तिला दाखवलं, असा खोल श्वास घे, रोखून धर, मग पोटातून खोक. ती लाजली. पदराआड तोंड करून म्हणाली, "लोकाईसमोर असं कोनी करते का वं बाई?"

तिसऱ्या दिवशी सकाळी सुनेने मला फोन केला. मी गेले तर म्हातारी डबी पदराखाली झाकून ओट्यावर बसली होती. डबीत हवा तसा नमुना होता, घट्ट, पिवळा. मी झाकण लावलं, डबी प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवली, डबा बॅगेत ठेवला. त्या दिवशी माझी स्कूटी गॅरेजला होती. नमुना दुपारच्या आत वर्ध्याला पोचवायचा म्हणून मी फाट्यापर्यंत चालत गेले आणि तिथल्या प्रवासी निवाऱ्यात बसची वाट पाहत बसले.

आमच्याकडचे निवारे ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना त्यांचे कोपरे सांगून कळणार नाहीत. खर्रा खाणारी माणसं तिथे बसतात. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून घोटून तयार केलेला तो खर्रा दिवसभर गालात असतो, आणि दिवसभराचं पाणी कोपऱ्यात जातं. खाली जुना काळपट थर, त्यावर विटकरी, त्यावर ताजा लाल. मध्ये मध्ये रिकाम्या पन्न्या चिकटलेल्या. वर माश्या. मी नेहमी मधल्या जागी, भिंतीला पाठ न लावता बसते.

बस दिसली. मी उठले, बॅग पुढे ओढली, आणि पट्टा हातात आला. तुटला नाही, शिवणीतून सरळ निघून आला, जणू कधी शिवलाच नव्हता. ओढीच्या झटक्याने बॅग उडाली ती नेमकी कोपऱ्यात पडली. चेन फाकली, आतला डबा उघडला, डबी घरंगळत भिंतीपर्यंत गेली आणि तिचं झाकण निघालं. म्हातारीने तीन दिवसांत काढलेला नमुना त्या सगळ्यांच्या थुंकीत मिसळून गेला.

बाकावर एक माणूस बसला होता. तो काळजीने म्हणाला, "म्याडम, हात नोका लावू, लय घान हाय तिथं." आणि एवढं बोलून त्याने मान वळवली आणि दुसऱ्या कोपऱ्यात पचकन थुंकला.

मी निवाऱ्याच्या मागे जाऊन सकाळचा चहा ओकून टाकला. मग परत आले. हातमोजे घातले, ब्लीचिंगची पुडी होती ती सगळी त्या कोपऱ्यावर ओतली, डबी, डबा आणि बॅग एका पन्नीत बांधली. रजिस्टरं वाचली होती. बॅगेवरच्या हसऱ्या फोटोवर लाल शिंतोडे उडाले होते. त्याचं मला वाईट वाटलं नाही. बस निघून गेली होती.

मी म्हातारीकडे परत गेले. ती अजून ओट्यावरच होती, धापा टाकत.

"आजी, सांडलं," मी म्हटलं. "बॅगेचा पट्टा निंगाला. पुन्हा द्या लागते."

"सांडलं? म्या तीन दिवस खोकली ना वं. तुवाच त सांगतलं जोर लाव म्हनून. आता कुठून आनू? होतं थे देल्लं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते तिने पाहिलं असावं, कारण तिचा आवाज बदलला. "काऊन रडून राह्यली? उद्या पाहू. झोपीतून उठल्यावर येते." मग विचारलं, "तुले किळस नाई येत का वं, माह्या बेडख्याची?"

"येत होती आधी," मी खरं सांगितलं. "नवी होती तवा. आता नाई येत."

"मले येते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा दिला. मी तो माझ्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत, हातात धरून, मांडीवर ठेवून वर्ध्याला नेला. तिला क्षय निघाला. औषध सुरू झालं. एका दिवसाचाच उशीर झाला, हे मला ठाऊक आहे. पण जी दुसऱ्या दिवशी देऊ शकली नसती, किंवा रुसून दार लावून बसली असती, अशी बाई माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हती.

त्या आठवड्यात मी बॅग शोधायला लागले. वर्ध्याच्या बाजारात चार दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानदाराने मी "मजबूत" म्हटल्याबरोबर गुलाबी रंगाची, टिकल्या लावलेली बॅग पुढे केली. "लेडीजमध्ये हे चालून राह्यलं सध्या." मी म्हटलं, मला पुरुषांची दाखवा. तर त्या एवढ्याशा, मोबाइल आणि खर्ऱ्याची पुडी मावेल एवढ्याच. तिसऱ्या दुकानात एक बरी वाटली. मी पट्टा जिथे बॅगेला जोडला होता तिथे अंगठा घालून ओढला. दुकानदार ओरडला, "ओढता काय मॅडम, इम्पोर्टेड माल आहे!" शिवण चरचरली. मी ती खाली ठेवली. तो ती उचलून, झटकून, पुन्हा काचेत ठेवत होता, पुढच्या गिऱ्हाइकासाठी. मला त्याच्या हाताकडे पाहवेना.

पुण्याला असलेल्या माझ्या मुलीने ऑनलाइन एक मागवून दिली. तिच्यात चोरखिसा होता, मोबाइल चार्ज करायचं भोक होतं, पाण्याने भिजणार नाही असं लिहिलं होतं. गावातल्या एका घरी प्यायला पाणी दिलं, ते बॅगेवर सांडलं आणि गोळ्यांची पाकिटं ओली झाली. चोरखिशात मात्र पाणी गेलं नाही, तेवढं खरं.

शेवटी बोरगावातच, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर, ताडपत्री शिवणाऱ्या एका माणसाकडे गेले. ट्रॅक्टरची छतं, गंजीवर टाकायच्या ताडपत्र्या, मोटरसायकलच्या सीटची कव्हरं असं तो शिवतो. त्याला मी रोज जाता-येता बघत होते आणि त्याच्याकडे जायचं टाळत होते, कारण त्याच्याही गालात खर्रा असायचा. मी बोलायला लागले तर त्याने मान वर करून, खालचा ओठ पुढे काढून, तोंडातलं पाणी सांडू नये असं "हूं?" केलं.

मी म्हटलं, "भाऊ, आधी थुकून या. तोंड धुवा. मग बोलू."

मला वाटलं, हाकलून देईल. त्याने माझ्याकडे पाहिलं, उठला, नालीवर जाऊन थुंकला, रांजणातलं पाणी घेऊन तीनदा चूळ भरली आणि येऊन बसला. "हं ताई. बोला."

मी सोबत ऑनलाइनची बॅग नेली होती. त्याने मला न विचारता कात्री घेतली आणि तिचा तळ उघडला. आत पुठ्ठा होता, पुठ्ठ्याखाली पिवळा फोम, फोममध्ये कुणाचा तरी लांब केस. पट्ट्याचं टोक कापडाच्या कडेला पाऊण बोटभर आत घालून एकदाच शिवलेलं. "हे पाहा," तो म्हणाला. "सारं वजन या चार टाक्यांवर. हे पडनार नाई त काय होनार? ज्यानं शिवलं त्यालेबी मालूम होतं, पडनार म्हनून." तो केस त्याने चिमटीत धरून बाहेर फेकला आणि हात पॅन्टला पुसला. आम्हा दोघांचं तोंड एकाच वेळी वाकडं झालं.

मग त्याने विचारलं की बॅगेत काय काय असतं. मी सगळं काढून त्याच्या फळीवर मांडलं. त्याने मशीन हातात घेऊन वजन पाहिलं, रजिस्टरं मोजपट्टीने मोजली. एका जुन्या पट्ट्याला तेवढ्याच वजनाचा ताडपत्रीचा गुंडाळा बांधून माझ्या खांद्यावर घालायला लावला आणि म्हणाला, चाला. मी दुकानासमोर रस्त्यावर चालले. वाका. वाकले. स्कूटीवर बसा. बसले. पट्टा कुठे सरकतो ते पाहून त्याने खडूने खूण केली. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कामासाठी माझं माप पहिल्यांदाच कुणीतरी घेत होतं.

पट्टा ट्रकचा माल बांधायचा असतो तो घेतला, चार बोटं रुंद. तो बॅगेला वरून जोडला नाही. एका बाजूने खाली उतरवून तळाखालून नेऊन दुसऱ्या बाजूने वर काढला, म्हणजे सगळी बॅग पट्ट्याच्या झोळीत बसली. कापड जाड कॅनव्हास, आतून धुता येईल अशी ताडपत्री. तळ दुहेरी. चेन सीट-कव्हरची, मोठ्या दातांची. नमुन्यासाठी बाहेरच्या बाजूला वेगळा कप्पा, त्यात डबी उभी राहील असा घट्ट कोश. तो त्याने माझ्या सांगण्याशिवाय केला.

बॅग दिसायला वाईट होती. मातकट रंगाची. सोबतच्या बायका म्हणाल्या, "काय वं, ट्रॅक्टरचं कव्हर घालून फिरून राह्यली?" हसू द्या म्हटलं. दोन उन्हाळे, दोन पावसाळे गेले. मी ती ब्रशने घासून धुते आणि तारेवर टाकते. पुण्याच्या गाडीत ती उशाला घेऊन झोपले. वडनेरला लसीकरणाच्या मोहिमेसाठी पाठवलं तेव्हा चार दिवसांचे कपडे तिच्यातच कोंबून नेले. एक टाका निघाला नाही. म्हातारीचं औषध सहा महिन्यांनी संपलं, शेवटची गोळी मी याच बॅगेतून काढून दिली. तिने ती गिळली आणि बॅगेचा पट्टा बोटांनी चाचपून म्हणाली, "हे चांगलं हाय. बैलाच्या गळ्यात घालाव असं."

एवढ्यावर हे थांबलं असतं तर मी लिहायला बसले नसते.

आमची प्रशिक्षणं एक संस्था घ्यायची. तिचं नाव सांगण्यात अर्थ नाही, तशा पुष्कळ आहेत. तिचे समन्वयक एकदा उपकेंद्रावर आले. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. त्यांनी माझी बॅग पाहिली, हातात घेतली, उलटीसुलटी केली. "वा! हेच पाहिजे आपल्या फील्डच्या बायकांना. कुणी शिवली?" मला आनंद झाला. मी स्वतः त्यांना बोरगावला त्या माणसाकडे घेऊन गेले. त्यांनी त्याच्याशी हात मिळवला, पुढच्या प्रशिक्षणाला साऱ्या जिल्ह्यासाठी अशाच बॅगा लागतील म्हणाले, आणि नमुना म्हणून एक शिवून मागितली. त्याने दोन दिवस दुसरं काम बाजूला ठेवून ती शिवली. ते घेऊन गेले.

पुढच्या प्रशिक्षणात दुसऱ्या दिवशी दुपारी खोकी उघडली गेली. वरून पाहिलं तर माझीच बॅग. तोच मातकट रंग, तसाच रुंद पट्टा, बाहेर तसाच उभा कप्पा. वर फोटो. मला क्षणभर खरंच वाटलं की झालं, काम झालं. मी बॅग हातात घेतली आणि तो वास आला. गोंद आणि घासलेट. कॅनव्हास नव्हताच, कॅनव्हाससारखं छापलेलं रेक्झिन होतं. पट्टा तळाखालून गेल्यासारखा दिसावा म्हणून तळाला वेगळी पट्टी चिकटवलेली होती. मी कोपऱ्याला नख लावलं तर ती सोलून आली. पट्टा ओढला. चार टाके. तो हातात आला.

हॉलमध्ये शंभरेक बायका होत्या. मी उभी राहिले, पुढे टेबलापर्यंत गेले आणि पट्टा एकीकडे, बॅग एकीकडे अशी समोर ठेवली. "मले नाई पाहिजे," मी म्हटलं.

समन्वयक हसले. "एखादी डिफेक्टिव्ह निघते, मॅडम. दुसरी घ्या ना."

"ही एखादी नाही, सर. यात आम्ही रोग्यांचे नमुने नेतो. ते सांडतात."

"इथे तो विषय नको." आवाज तसाच गोड. "बाकीच्यांचा वेळ जाईल."

मी मागे वळले. वाटलं होतं की आणखी कुणीतरी उठेल. माझ्या शेजारची बाई, माझी चांगली मैत्रीण, कुजबुजली, "फुकट हाय ना वं. ठेवून दे घरी. काऊन बोलून राह्यली?" आणि तिने तिची बॅग घडी करून पिशवीत घातली. मला त्या समन्वयकाची किळस आलीच, पण खोटं कशाला बोलू, त्या क्षणी तिचीही आली. आणि घरी खिळ्याला लटकवलेल्या नऊ बॅगा मीही अशाच घडी करून आणल्या होत्या, तेव्हा माझीही.

संध्याकाळी ताडपत्रीवाल्याकडे गेले. त्याने माझं तोंड पाहूनच ओळखलं. "दुसरीकडून शिवल्या ना?" मी मान हलवली. तो मशीनच्या चाकावर हात ठेवून बसला. "मले वाटलं होतं काम भेटते. घरच्या बाईले म्हटलं बी होतं, तूबी बसजो संगं, पट्ट्याचं काम तुले देईन म्हनून." मग म्हणाला, "नमुना तरी वापस मागून आना ताई. कापड चांगलं होतं माह्यं."

मी फोन केले. नमुना सापडत नाही असं सांगितलं गेलं. मी अर्ज लिहिला की आम्हाला बॅगा देऊ नका. त्याला उत्तर आलं नाही. एक गोष्ट मात्र झाली. त्या फुकटच्या बॅगा दिवाळीच्या आत गळल्या आणि एकेक बाई मला विचारायला लागली की तुझा तो माणूस कुठे बसतो. आज आमच्या सात जणींकडे त्याच्या हातच्या बॅगा आहेत. त्याच्या बायकोने पट्टे शिवले. माझी ती मैत्रीण सर्वांत आधी गेली, आणि तिनेही त्याला आधी चूळ भरायला लावली म्हणे.

गेल्या महिन्यात मासिक बैठकीला आम्ही सातही जणी त्या बॅगा घेऊन गेलो. समन्वयक आले होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "अरे वा, आपल्या प्रशिक्षणातल्या बॅगा! अजून वापरताय?" आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी मोबाइल काढला. "ओळीत उभ्या राहा बरं. बॅगा पुढे घ्या. अहवालात लागतो फोटो."

"या तुमच्या नाहीत," मी म्हटलं.

"तेच ते हो," ते म्हणाले. "डिझाइन आपलंच आहे ना."

तोंडात कडू आलं. मी ओळीतून बाहेर पडले आणि व्हरांड्यातल्या नळावर जाऊन पाणी प्यायले. मागे वळून पाहिलं तर चार जणी ओळीत उभ्या होत्या, हसत नव्हत्या पण उभ्या होत्या. माझी मैत्रीण आणि आणखी एक माझ्या मागे नळावर आल्या. मैत्रीण म्हणाली, "सरक वं जराशी, मलेबी पानी पिऊ दे." तिने चूळ भरली, तोंड पुसलं, आणि आम्ही तिघी दुपारच्या लसीकरणाला आंजीकडे निघालो.